मागच्या सभेचं काय झालं?

वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात इंझोरी हे गाव आहे. या भागातल्या शिवाराचं वर्ष कोणाला विचारून चालत नाही. जूनमध्ये पेरणी, मग डवरणी, निंदण आणि फवारणी. दसऱ्याच्या मागेपुढे सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून कपाशीची वेचणी, आणि थंडी उतरायच्या आत तूर, हरभरा. आता या वर्षावर ग्रामसभेच्या रूढ तारखा ठेवून पाहा. १५ ऑगस्टला शेतात निंदणाला बाया मिळत नाहीत अशी स्थिती असते. २ ऑक्टोबरला सोयाबीन उभं असतं, आभाळ भरून आलेलं असतं आणि मळणीयंत्राचा नंबर लागलेला असतो. २६ जानेवारीला तूर खळ्यावर असते आणि तांड्यांवरची कितीतरी घरं ऊसतोडीसाठी कुलूप लावून गेलेली असतात. राहिला १ मे. त्या दिवशी शेतात काम नसतं, पण पारा चाळीसच्या वर असतो आणि सभा भरते ती पत्र्याच्या सभागृहात, सकाळी झेंडावंदन आटोपल्यावर.

या चारही तारखा ज्यांनी रूढ केल्या त्यांचा हेतू वाईट नव्हता. झेंड्याच्या निमित्ताने गाव एकत्र येतं, तेव्हाच सभाही उरकून घ्यावी, एवढाच साधा विचार. पण ‘उरकून घ्यावी’ हे त्यात आलंच. पुढे तालुक्याच्या आढावा बैठकीत शेरा पडतो की लोक उदासीन आहेत. मला हा शेरा मान्य नाही. ग्रामसभेला माणसं का येत नाहीत याची कारणं माणसांच्या स्वभावात शोधण्याआधी सभेच्या मांडणीत शोधावीत, असं माझं म्हणणं आहे आणि ही प्रस्तावना त्यासाठीच आहे. मांडणी म्हणजे नुसत्या खुर्च्या आणि सतरंज्या नव्हेत. सभा कधी, कुठे, कोणत्या क्रमाने होते, आधी कोण बोलतं, कोण लिहून घेतं आणि लिहिलेल्याचं पुढे काय होतं, हे सगळं मांडणीत येतं.

कायद्यापासून सुरुवात करू, कारण मांडणीतला पहिला दोष तिथेच आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम मूळचा १९५८ चा. त्यानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, सात दिवस आधी नोटीस द्यावी लागते, दवंडी पिटावी लागते. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. हिशेब करून पाहा. ६०० मतदारांच्या गावाला ९० माणसं लागतात, ६६७ च्या पुढे कितीही मोठं गाव असो, शंभरच. चार हजार मतदारांच्या गावात शंभर म्हणजे चाळिसातला एक. आणि तेवढेही आले नाहीत तर? सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. नियम करणाऱ्यांना गावाचं काम अडू नये असं वाटलं असणार, ते समजण्यासारखं आहे. पण परिणाम असा झाला की न येणाऱ्यांमुळे कोणाचंच काही बिघडत नाही. उलट ज्याला कमी प्रश्न हवे आहेत त्याच्यासाठी तहकूब सभा ही सोयीची सभा ठरते. बऱ्याच गावांत पहिली सभा ही नुसती पूर्वतयारी आणि खरी सभा ती तहकूब झालेली, हा रिवाज होऊन बसला आहे.

त्यावर वऱ्हाडी माणसाचं उत्तर ठरलेलं असतं: “जाऊन काय करतं बाप्पा, ठराव तं आंदीच लिवेल असते.” हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून इतक्या तऱ्हांनी ऐकलं आहे की त्यात मला आळस ऐकू येत नाही. अनुभवातून आलेला तो एक हिशेब आहे. दिवसाची मजुरी एका बाजूला आणि आपल्या शब्दाने काही बदलण्याची शक्यता दुसऱ्या बाजूला. दुसरं पारडं रिकामं असेल तर मजुरी जिंकते.

गावाला एकत्र बसायचा कंटाळा आहे म्हणावं, तर तसंही दिसत नाही. विदर्भातल्या शेकडो गावांत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना अजून संध्याकाळी ओळीने बसून होते. पोहरादेवी मानोरा तालुक्यातच आहे. तिथल्या रामनवमीच्या यात्रेला बंजारा समाज कुठून कुठून येतो. आणि हरिनाम सप्ताह घ्या. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून पहाऱ्यांची यादी लागते: रात्री दोन ते चार कोण, पहाटे चार ते सहा कोण. ज्याचं नाव त्या कागदावर आहे तो थंडीत घोंगडी पांघरून येतो, कारण तो आला नाही तर दुसऱ्याला बसावं लागणार. ग्रामसभेत असा कागद नसतो. तिथे सरपंच, ग्रामसेवक (पदाचं आताचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) आणि दोन-चार बोलके पुढारी यांनाच काम असतं. बाकीच्यांनी बसायचं आणि शेवटी सही करायची. हल्ली तर काही ठिकाणी बसायचीही गरज नसते, हजेरीवही घरी येते.

यापेक्षा जवळचा पुरावा बचत गटाचा आहे. गावातल्या ज्या बाया ग्रामसभेत दाराशी उभ्या राहतात किंवा येतच नाहीत, त्याच आठवड्याच्या बैठकीत व्याजाचा दर ठरवतात, थकबाकीदार मैत्रिणीला तोंडावर विचारतात, बँकेच्या माणसाशी वाद घालतात. बाया त्याच, गाव तेच. फरक कशात आहे? गटात दहा-बारा जणी असतात, गोल करून खाली बसतात, बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी असते, प्रत्येकीच्या नावाने पैसा जमा होतो आणि तो मोजून वहीत लिहिला जातो. मागच्या आठवड्यात काय ठरलं ते सगळ्यांना ठाऊक असतं, कारण त्यावर या आठवड्याचं कर्ज अवलंबून असतं. ग्रामसभेत मात्र समोर टेबल, टेबलामागे खुर्च्या, खुर्च्यांवर पुरुष, आणि माइक त्यांच्या बाजूला. महिलांची सभा आधी घ्यावी असं कायदा सांगतो. ती कागदावर होतेच. कितीदा ती जमिनीवर होते, हे ज्या त्या गावाने स्वतःला विचारावं.

या बाबतीत बाहेरचे अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतात. राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर दुफ्लो यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातल्या ग्रामसभा पाहिल्या. प्रधानपद स्त्रीसाठी राखीव नसलेल्या ठिकाणी हजर लोकांत स्त्रिया ६.८८ टक्के होत्या, राखीव असलेल्या ठिकाणी ९.८० टक्के. आकडे दोन्ही लहानच. पण अध्यक्षस्थानी कोण बसतं एवढ्यावर दाराशी उभ्या असलेल्या काही जणी आत येतात, हे त्यातून दिसतं. तमिळनाडूतल्या ग्रामसभांची भाषणं शब्दशः नोंदवून केलेल्या एका नंतरच्या अभ्यासात आढळलं की बाया कमी बोलतात आणि बोलल्या तरी त्यांना मुद्द्याचं उत्तर मिळण्याची शक्यता कमी असते. हे दुसरं निरीक्षण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बोलायला मिळणं आणि उत्तर मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणूस पुढच्या वेळी येईल की नाही हे दुसरीवर ठरतं. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. खुर्चीचा प्रश्न त्यामुळे अर्धा सुटला असं म्हणू. त्या खुर्चीमागून नवरा उत्तर देत असेल तर उरलेला अर्धा तसाच आहे.

गावाची सभा ही आपल्याकडे काही १९५८ साली जन्मलेली नाही. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचे, हद्दीचे तंटे गोतसभेपुढे चालत. निवाड्याचा महजर लिहिला जाई आणि त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या पडत. पाटलाचा नांगर, बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या खुणा. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरच्या ग्रंथात या महजरांचा बारकाईने अभ्यास केला आहे. अक्षर न येणारा माणूस आपली खूण काढून जाई आणि ती खूण पिढ्यान्‌पिढ्या पुरावा म्हणून चाले. महजरांवर महारांच्याही खुणा आहेत. पण याच व्यवस्थेत चावडीवर कोणी बसायचं, कोणी पायरीखाली उभं राहायचं, हेही ठरलेलं होतं. म्हणूनच १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या खास प्रतिनिधित्वाशिवाय गावाच्या हाती सत्ता द्यायला विरोध केला. गावातल्या सभेची जागा ही कधीच नुसती जागा नसते, हे त्यांच्याइतकं स्पष्ट कोणाला दिसलं नसेल. आजही सभा मारुतीच्या पारावर आहे, समाजमंदिरात आहे, शाळेत आहे की पाटलाच्या वाड्यासमोर आहे, यावर कोण येईल हे अर्धं ठरतं. माझं मत शाळेच्या बाजूने आहे. तिथे सगळ्यांची पोरं जातात आणि तिथल्या बाकावर कोणी कुठे बसावं याची जुनी रीत नाही.

तांड्यांचा प्रश्न याच्या पुढचा आहे. मानोरा, कारंजा, पुसद, दिग्रस या पट्ट्यात गावठाण आणि तांडा हे वेगळे असतात, मध्ये शेतं, कधी नाला. सभा गावठाणात. तांड्याला स्वतःची बसण्याची रीत आहे: नायक, कारभारी, आणि तंटा तोडायला नसाब. ती रीत सगळीच गोड होती असं नाही, बायांना तिच्यात आवाज नव्हता. पण ती तांड्यावरच भरे, आणि तांड्याचा प्रश्न तिथे पहिला विषय असे. ग्रामसभेत तोच प्रश्न शेवटच्या विषयात जातो. याच पट्ट्यातले, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक यांच्या समितीच्या शिफारशींवर महाराष्ट्राचं पंचायत राज उभं राहिलं. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. समितीने जिल्ह्याला बळ दिलं. वस्तीच्या पातळीवरची सभा मात्र पुढे बराच काळ कोणाच्या विचारातच नव्हती. १९९३ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली, पण तीही वस्तीच्या नव्हे, गावाच्या मापाने. पाड्याची स्वतंत्र सभा मिळाली ती अनुसूचित क्षेत्रांना, १९९६ च्या पेसा कायद्याने. वाशिममधल्या तांड्यांना तो लागू नाही.

लहान सभेला जास्त माणसं येतात, हे तर मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात गावसभा अजून भरतात. फ्रँक ब्रायन या प्राध्यापकाने तिथल्या शेकडो सभांची मोजदाद केली आणि त्याचा पहिला निष्कर्ष हाच निघाला की गाव जितकं लहान तितकं हजेरीचं प्रमाण मोठं. तिथली सभा मार्चच्या पहिल्या मंगळवारी असते, म्हणजे शेतीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी. त्यांनी तारीख शेताला विचारून ठेवली.

आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीने यावर सगळ्यांत खोल काम केलं आहे. शंभराच्या आसपास घरं. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. आणि सभेच्या आधी अभ्यास गट: जंगलाचा कायदा काय, बांबूचा हिशेब काय, हे आधी वाचून, विचारून समजून घ्यायचं आणि मग सभेत बसायचं. २००९ मध्ये त्यांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा पास द्यायचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. मेंढ्याचं नाव घेतलं की लोक लगेच तिथल्या नेत्यांची थोरवी सांगू लागतात. ती आहेच. पण तिथली सभा एका दिवसात होत नाही, तिच्या मागे महिनोन्‌महिने चर्चा झालेली असते, आणि हा भाग कोणत्याही गावाला उचलता येण्यासारखा आहे.

केरळने १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत हाच विचार मोठ्या प्रमाणावर राबवला. सभा प्रभागाची, सुट्टीच्या दिवशी. सुरुवातीला थोडा वेळ सगळे एकत्र, मग विषयवार गट: शेती, पाणी, शाळा, स्त्रिया. प्रत्येक गटात चर्चा चालवायला प्रशिक्षित माणूस आणि हातात प्रश्नांची यादी. शेवटी गटांचं म्हणणं पुन्हा सगळ्यांपुढे. माइकवर बोलायला जी धजणार नाही ती पंधरा जणींच्या गटात बोलते. हे आपल्या बचत गटांना वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात २०१५-१६ पासून ‘आमचं गाव आमचा विकास’ या नावाने पंचायतींचे विकास आराखडे होतात, त्यातही शिवारफेरी, गटचर्चा असा क्रम सांगितलेला आहे. तो कुठे मनापासून पाळला जातो, कुठे आराखडा तालुक्याच्या गावी संगणकावर तयार होतो.

हात वर करण्याचा मुद्दाही सोडून चालणार नाही. ज्याच्या शेतात मजुरीला जायचं त्याच्या विरोधात त्याच्या डोळ्यांसमोर हात वर करायचा, ही अपेक्षा मुळातच अवघड आहे. स्वित्झर्लंडमधल्या आपेन्झेल इनररोडन परगण्यात पुरुष उघड्या चौकात हात वर करून मत देत आणि त्या हातांनी १९९० पर्यंत बायांना मताचा अधिकार मिळू दिला नाही. शेवटी तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. आपल्याकडे याच्या उलटचं उदाहरण दारूबंदीच्या मतदानाचं आहे. २००८ च्या आदेशानुसार पंचवीस टक्के मतदारांनी किंवा महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान घेतलं जातं: उभी बाटली की आडवी. दुकान बंद व्हायचं तर आलेल्यांपैकी निम्म्यांची मतं पुरत नाहीत, एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला पडावी लागतात. ग्रामसभेची १५ टक्क्यांची गणपूर्ती जिथे जमत नाही, तिथे पन्नास टक्क्यांची ही अट कितीतरी गावांतल्या बायांनी रांगा लावून पार केली आहे. मत गुप्त आहे, प्रश्न एकच आहे, आणि निकाल लागला की दुकान खरोखर बंद होतं. या तीन गोष्टी असल्या की लोक येतात.

आता विषयपत्रिकेकडे येतो. ग्रामसभेच्या नोटिशीचा क्रम सगळीकडे साधारण एकच: विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग शासनाच्या परिपत्रकांचं वाचन. मग योजना, लाभार्थ्यांच्या याद्या, कर, खर्चाला मंजुरी. आणि अखेरीस ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. माणूस घरून जो विषय डोक्यात घेऊन येतो तो असतो या शेवटच्या ओळीत: नाली तुंबली, दलित वस्तीतला दिवा गेला, तांड्याच्या रस्त्यावर चिखल. तोवर दीड-दोन तास गेलेले असतात. घरकुलाची यादी होती म्हणून आलेले त्या यादीनंतर उठून गेलेले असतात. शेवटच्या विषयाला फक्त भांडणारे उरतात, आणि मग सभा म्हणजे भांडण हे मत पक्कं होतं.

पहिल्या विषयाची तर थट्टाच होते. “मागील इतिवृत्त वाचून कायम” असं ग्रामसेवक एका दमात म्हणतात, कोणीतरी सूचक, कोणीतरी अनुमोदक, झालं. माझ्या मते सगळ्या मांडणीत बदलायची सर्वांत मोठी गोष्ट ही आहे. बसायची जागा बदला, तारीख बदला, गट करा, पण मागच्या सभेत जे ठरलं त्याचं काय झालं हे ठरावागणिक सांगितलं नाही, तर दुसऱ्या सभेला माणसं ओसरतात आणि तिसरीला पुन्हा तेच चाळीस चेहरे. कोणता ठराव पूर्ण झाला, कोणता अडला, कोणाच्या टेबलावर अडला, कोणता होणारच नाही आणि का, हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात यावं. ‘होणार नाही’ हे उत्तरसुद्धा चालतं. लोकांना ते पचतं, मौन पचत नाही.

यात सरपंचांची एक अडचण खरी आहे, आणि ती सभेत कधी उघडपणे मांडली जात नाही. हातात पैसा कमी असतो आणि आहे तोही बांधलेला असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच ‘बंधित’ होता. गावाने एकमुखाने तांड्याचा रस्ता मागितला तरी त्या पैशातून तो करता येत नव्हता. हे आधी सांगितलं नाही तर ठराव मंजूर होतो, टाळ्या पडतात, आणि वर्षभराने सरपंच खोटा ठरतो. म्हणून सभेच्या आठ दिवस आधी, नोटिशीसोबतच, पंचायतीच्या भिंतीवर दोन रकमा मोठ्या अक्षरांत लावाव्यात: बंधित इतके, अबंधित इतके. मग मागणी करणारेही हिशेबाने मागतात आणि नाकारणाऱ्याला कारण सांगावं लागतं.

दुसरी अडचण ग्रामसेवकांची. अनेकदा एका माणसाकडे दोन-तीन गावांचा पदभार असतो. सभेत चर्चा चालू असताना तो उत्तरंही देतो, कागदही दाखवतो आणि इतिवृत्तही त्यालाच लिहायचं असतं. मग ते नंतर, आठवणीवर, कार्यालयात लिहिलं जातं, आणि ‘आंदीच लिवेल असते’ या संशयाला आणखी बळ मिळतं. यावर उपाय फार खर्चाचा नाही. गावात बारावी, पदवी झालेली मुलं-मुली आहेत, त्यातल्या दोघांनी सभेतच टिपणं घ्यावीत, प्रत्येक ठराव लिहून झाला की तिथेच मोठ्याने वाचावा आणि मग सह्या घ्याव्यात. हजेरीची सही आत येताना आणि ठरावाची सही वाचन झाल्यावर, अशा दोन वेगळ्या वह्या ठेवाव्यात. पुढच्या पानांतलं बरंचसं लिखाण या दुसऱ्या वहीबद्दल आहे. सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी ते तारीख आणि जागेवरच्या प्रकरणांच्या आधी वाचलं तरी चालेल.